मिलिसेकंद ते मायक्रोसेकंद: घड्याळ नक्की कुठून सुरू करायचं? (नाशिकच्या कारखान्यांतली उदाहरणं)

कालमापक

सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात असे बरेच उद्योग आहेत ज्यांचा माल सेकंदाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या भागात पास किंवा नापास ठरतो. स्विचगियर (ब्रेकरसारखी वीज तोडणारी-जोडणारी उपकरणं), डिझेल इंजेक्टर, टूलरूम, ऑटोमेशन पॅनल. या लोकांच्या तोंडी मिलिसेकंद रोजचाच. तरी एक गोंधळ सगळीकडे सारखा दिसतो. "ब्रेकर ४५ मिलिसेकंदांत उघडतो" हे वाक्य ऐकायला पुरेसं वाटतं, पण कुठून कुठपर्यंत ४५? रिलेने (बिघाड ओळखणाऱ्या यंत्राने) आदेश दिल्यापासून, कॉइलला व्होल्टेज मिळाल्यापासून, की संपर्क सुटल्यापासून ठिणगी विझेपर्यंत? तिन्ही उत्तरं वेगळी येतात आणि त्यांतला फरक मूळ आकड्याइतकाच मोठा असू शकतो. तासाभराच्या कामात सुरुवातीचे दोन सेकंद इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. मिलिसेकंदाच्या कामात दोन्ही टोकं आधी ठरवली नाहीत तर मोजमापच निरर्थक होतं.

अंदाजासाठी थोडे आकडे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. प्रकाश १ मिलिसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जातो, हवाई अंतराने नाशिकहून मुंबईला जाऊन परत येण्याइतका. मायक्रोसेकंदात ३०० मीटर आणि नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर.

आपापल्या क्षेत्रातला एखादा छोटा कालखंड घेऊन लिहा: तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कशाने मोजतात आणि त्यात काय बिघडतं.

व्हॅक्यूम_बॉटल

चांगला विषय काढलात. ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) व्हीसीबीपासून, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरपासून, सुरू करतो. त्याचे संपर्क निर्वात बाटलीत असतात.

ओपनिंग टाइम म्हणजे ट्रिप कॉइलला (ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलला) व्होल्टेज मिळाल्या क्षणापासून तिन्ही पोलचे (फेजचे) संपर्क सुटेपर्यंतचा वेळ. हा साधारण ३० ते ५० मिलिसेकंद. संपर्क सुटल्यावर आर्क (ठिणगी) पेटतो, तो विझेपर्यंतचा आर्किंग टाइम वेगळा, १० ते १५ मिलिसेकंदांपर्यंत. दोन्ही मिळून ब्रेक टाइम. रिलेने फॉल्ट ओळखायला घेतलेला वेळ यात कुठेच नाही. न्यूमरिकल (डिजिटल) रिलेचा इन्स्टंटेनियस (मुद्दाम न थांबता आदेश देणारा) घटक २० ते ३० मिलिसेकंद घेतो, वर त्याचा आउटपुट संपर्क मिटायला काही मिलिसेकंद. म्हणून "६० मिलिसेकंदांचा ब्रेकर" बसवला तरी फॉल्ट प्रत्यक्षात १०० च्या आसपास तुटतो. को-ऑर्डिनेशन (कुठला ब्रेकर आधी पडायचा तो क्रम) काढताना हे विसरलं की वरचा ब्रेकर आधी पडतो आणि अख्खा फीडर जातो.

बाटलीच्या आत काय होतं? संपर्कांमधलं पूर्ण अंतर ८ ते १० मिलिमीटर आणि सुटण्याचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर, म्हणजे मिलिसेकंदाला १ मिलिमीटर. थ्री-फेजमध्ये दर ३.३ मिलिसेकंदांनी कुठल्यातरी एका फेजचा करंट शून्यावर येतो. संपर्क सुटल्यावर लगेच शून्य आलं, अंतर जेमतेम एक मिलिमीटर असलं, तर त्या फेजचा आर्क विझून राहत नाही आणि पुढच्या शून्याची वाट बघावी लागते. आर्किंग टाइम दर वेळी वेगळा येतो तो यामुळे. तो यंत्रणेचा दोष नसतो.

शून्यानंतर हिशोब मायक्रोसेकंदात उतरतो. १२ केव्ही वर्गाच्या ब्रेकरची पूर्ण शॉर्टसर्किट चाचणी केबल-सिस्टिमसाठी करतात, तेव्हा संपर्कांवर ६१ मायक्रोसेकंदांत २०.६ केव्ही चढतात. म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ०.३४ केव्ही. तेवढ्या अवधीत मधली धातूची वाफ विरली पाहिजे. निर्वातात ती विरते म्हणूनच ही बाटली काम करते. निर्वात कमी झाला असेल तर तोच ब्रेकर टायमिंगमध्ये झकास पास होतो आणि फॉल्टवर फुटतो. टायमिंग टेस्ट यांत्रिक बाजू तपासते, निर्वात नाही. त्यासाठी उघड्या संपर्कांवर हाय-व्होल्टेज चाचणी वेगळी घ्यावीच लागते.

आता टायमिंग काढताना होणारी सगळ्यात महाग चूक. सबस्टेशनमध्ये ॲनालायझर (टायमिंग मोजणारं यंत्र) जोडायच्या आधी ब्रेकर दोन-चार वेळा ऑन-ऑफ करून बघतात. वर्षभर एका जागी उभ्या ब्रेकरचं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं आणि त्याचा परिणाम फक्त पहिल्या ट्रिपवर दिसतो. तुम्ही हलवून मोकळा केलात की आकडा सुधारतो आणि खरा दोष झाकला जातो. तारा आधी जोडा आणि पहिलीच ट्रिप नोंदवा. सोबत कॉइलचा करंटही घ्या. तो चढतो, प्लंजर (कॉइलमधला दांडा) हलला की मध्ये एक खळगा पडतो, मग परत चढून ऑक्झिलरी संपर्क तुटला की शून्यावर जातो. खळगा उशिरा आला तर प्लंजर किंवा लॅच (खिट्टी) अडकतंय. खळगा वेळेवर आणि संपर्क मात्र उशिरा, तर दोष लॅचच्या पुढे, मेकॅनिझममध्ये.

पीएलसी_अंबड

@व्हॅक्यूम_बॉटल, तिन्ही पोल एकाच वेळी सुटले पाहिजेत म्हणतात. किती फरक चालतो?

व्हॅक्यूम_बॉटल

आयईसी ६२२७१-१०० या मानकाप्रमाणे क्लोजिंगला पाव आवर्तन (५ मिलिसेकंद) आणि ओपनिंगला एक षष्ठांश (३.३ मिलिसेकंद). चांगल्या सेटिंगमध्ये १ ते २ च्या आतच येतं. क्लोजिंगच्या बाउन्सकडेही (मिटताना संपर्क मारतात त्या उड्यांकडे) बघा. व्हीसीबीत तो २ मिलिसेकंदांच्या आत हवा. जास्त आला तर संपर्क-स्प्रिंगचा दाब किंवा ओव्हरट्रॅव्हल (संपर्क टेकल्यावरही मेकॅनिझम पुढे जातं ते अंतर) तपासायचं.

एक गोष्ट उलटी वाटेल. संपर्क झिजले की ओव्हरट्रॅव्हल कमी होतं, मेकॅनिझमला रिकामं अंतर कमी कापावं लागतं, त्यामुळे संपर्क लवकर सुटतात. ओपनिंग टाइम मागच्या रिपोर्टपेक्षा कमी आणि क्लोजिंग टाइम जास्त दिसत असेल तर ती झिजेची खूण आहे. "ब्रेकर फास्ट झाला" असा शेरा मारून रिपोर्ट बंद करू नये.

लघुदाब

घरातल्या एमसीबीबद्दल (छोट्या ब्रेकरबद्दल) लिहितो, कारण तिथली घटना व्हीसीबीच्या दहावा हिस्सा वेळात उरकते.

कॉइलचा प्लंजर शॉर्टसर्किटवर सुमारे एका मिलिसेकंदात संपर्कावर आदळतो. आर्क पेटतो, त्याच्याच चुंबकीय बलाने रनर नावाच्या वाटेवरून सरकत लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्यात शिरतो आणि तुकड्या-तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक फटीत साधारण २५ ते ३० व्होल्ट खर्च होतात. बारा-तेरा पट्ट्या असल्या की बेरीज ३२५ व्होल्टच्या वर जाते, म्हणजे २३० व्होल्ट सप्लायच्या शिखरापेक्षा जास्त. मग सप्लायला करंट ढकलता येत नाही आणि तो नैसर्गिक शून्याची वाट न बघता खाली येतो. सगळं मिळून ३ ते ५ मिलिसेकंद.

इथे वेळेपेक्षा करंटच्या वर्गाची वेळेबरोबरची बेरीज, म्हणजे आय-स्क्वेअर-टी, महत्त्वाची. हिशोब करून बघा. संभाव्य करंट ६००० अँपिअर आहे आणि तोडणारी वस्तू पूर्ण अर्धं आवर्तन घेते: ६००० × ६००० × ०.०१ = ३,६०,००० अँपिअर-वर्ग-सेकंद. दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तांब्याची वायर सोसते फक्त ११५ × ११५ × १.५ × १.५, म्हणजे सुमारे २९,७५०. वायरचं इन्सुलेशन गेलंच. तेच एमसीबीने करंटचं शिखर ३००० ला रोखून ४ मिलिसेकंदांत संपवलं, तर त्रिकोणी आकार धरून साधारण १२,००० होतात. वायर वाचली. त्यामुळे एमसीबीवर चौकटीत छापलेल्या ६००० किंवा १०००० इतकाच तिच्याखालचा छोट्या चौकोनातला ३ महत्त्वाचा. तो ऊर्जा-मर्यादेचा वर्ग आहे.

कर्व्ह म्हणजे किती पट करंटला पडायचं तो प्रकार. सी-कर्व्हची एमसीबी रेटेड करंटच्या ५ ते १० पटीत "तत्काळ" पडते असं म्हणतात. त्यातलं "तत्काळ" म्हणजे ०.१ सेकंदाच्या आत, एवढीच हमी. लांब केबलच्या टोकाला फॉल्ट करंट १० पटीपर्यंत पोचतच नसेल तर ती चुंबकीय भागाने पडेलच असं नाही. मग बायमेटलची (तापून वाकणाऱ्या पट्टीची) वाट बघावी लागते आणि मिलिसेकंदाचं काम सेकंदांवर जातं. मळ्यातल्या दोनशे मीटर लांबीच्या केबलवर हे नेहमी घडू शकतं. तिथे लूप इम्पीडन्स (फॉल्ट करंटच्या पूर्ण वाटेचा विरोध) मोजून कर्व्ह निवडावा, गरज पडली तर कमी पटीला पडणारा बी-कर्व्ह.

सातपूर_टूलरूम

आमच्याकडे मिलिसेकंदही मोठा वाटतो. स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्रावर) टी-ऑन (पल्स चालू असण्याचा वेळ) आणि टी-ऑफ (दोन पल्समधली विश्रांती) मायक्रोसेकंदात लावतात.

इलेक्ट्रोड आणि जॉब (कोरायचा तुकडा) यांच्यात काही दशक मायक्रॉनची फट, त्यात डायइलेक्ट्रिक (वीज अडवणारं) ऑइल. ८० ते १०० व्होल्ट लागतात, पण ठिणगी लगेच पडत नाही. आधी थोडा इग्निशन डिले जातो. मग वाहिनी तयार होते, व्होल्टेज २५ च्या आसपास कोसळतं आणि करंट वाहू लागतो. पृष्ठभागावरचा बिंदू वितळतो, भोवती वायूचा बुडबुडा वाढतो. टी-ऑन संपला की बुडबुडा कोसळतो आणि वितळलेल्या धातूचा काही भाग उडवून नेतो. उरलेला तिथेच थिजतो, तोच पांढरा कडक थर. डायचं पॉलिश करताना तो काढला नाही तर पुढे केसासारख्या चिरा तिथूनच सुरू होतात.

धागाकर्त्याचा प्रश्न इथे तंतोतंत लागू पडतो. टी-ऑन कुठून मोजायचा? जुन्या जनरेटरमध्ये तो व्होल्टेज लावल्यापासून मोजला जातो. १०० मायक्रोसेकंद लावले आणि ३० डिलेमध्ये गेले तर ठिणगीला ७० च मिळतात. १० अँपिअरला ऊर्जा २५ × १० × ७० मायक्रोसेकंद, म्हणजे १७.५ मिलिज्यूल. पुढच्या ठिणगीला डिले ५ असला तर २३.७५. प्रत्येक खड्डा वेगळ्या मापाचा, फिनिश एकसारखा येत नाही. आयसोपल्स जनरेटर ठिणगी पेटल्यावर मोजायला सुरुवात करतो, त्यामुळे दर ठिणगीला २५ मिलिज्यूल पक्के. बदल्यात सेकंदाला पडणाऱ्या ठिणग्यांची संख्या डिलेप्रमाणे कमी-जास्त होते. टी-ऑफ ५० धरला तर डिले शून्य असताना सेकंदाला ६,६६७ आणि ३० असताना ५,५५६.

त्या डिलेला वाया गेलेला वेळ समजू नका. डिले दिसतोय म्हणजे फट स्वच्छ आहे. सलग पल्स डिलेशिवाय पेटायला लागले की समजावं, मळी साचली, ठिणगी एकाच जागी पडतेय. थोड्याच वेळात तिथे कार्बन धरतो आणि जॉबवर काळा खड्डा पडतो, जो पुढच्या कुठल्याही फिनिशिंग पासने निघत नाही. उपाय याच क्रमाने करावेत: टी-ऑफ वाढवा, इलेक्ट्रोड वर उचलण्याची वारंवारता वाढवा, फ्लशिंगची (ऑइलने मळी धुण्याची) दिशा बदला. करंट कमी करणं शेवटी. बरेच ऑपरेटर आधी करंट कमी करतात. वेळ जातो, कार्बन तसाच राहतो.

तांब्याच्या इलेक्ट्रोडची झीज टी-ऑनवर अवलंबून. इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह ठेवून टी-ऑन २००-३०० केला की ऑइलमधला कार्बन इलेक्ट्रोडवर बसून त्याला वाचवतो, झीज नगण्य. फिनिशिंगला १०-२० वर आलात की तो थर धरायला वेळ मिळत नाही आणि कोपरे भराभर झिजतात. म्हणून कोपऱ्याच्या कामाला रफिंगचा आणि फिनिशिंगचा इलेक्ट्रोड वेगळा ठेवायचा. एकाच इलेक्ट्रोडवर दोन्ही काढायला गेलं की आतल्या कोपऱ्याची त्रिज्या वाढलेली मिळते.

पंचांगप्रेमी

वाचताना भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतलं कालमान आठवलं. अहोरात्राचे ३० मुहूर्त, मुहूर्ताच्या २ घटिका, घटिकेच्या ३० कला, कलेच्या ३० काष्ठा, काष्ठेचे १८ निमेष. म्हणजे दिवसात ९,७२,००० निमेष, एक निमेष सुमारे ०.०८९ सेकंद. निमेषाचा तिसावा भाग तत्परा, तिचा शंभरावा भाग त्रुटी. त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग, सुमारे २९.६ मायक्रोसेकंद. टूलरूमच्या मधल्या दर्जाच्या फिनिशचा टी-ऑन जवळपास एक त्रुटी झाला की!

घटिकापात्राने २४ मिनिटं मोजता येत होती, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. त्याखालचे भाग गणितापुरते असावेत. मला त्या सूक्ष्मतेचं फार अप्रूप वाटतं, मोजायचं साधन नव्हतं तरीही.

कालमापक

@पंचांगप्रेमी, सुंदर. एका त्रुटीत प्रकाश सुमारे ९ किलोमीटर जातो. आता डिझेलवाल्यांनी लिहावं. ते काम आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

नोझल_आणि_नीडल

आमच्याकडे वेळ दोन भाषांत बोलतात, मिलिसेकंद आणि क्रँकचे अंश. २००० आरपीएमला १ अंश म्हणजे ८३ मायक्रोसेकंद, १ मिलिसेकंद म्हणजे १२ अंश. ४००० ला तोच मिलिसेकंद २४ अंश होतो. इंजेक्टरला लागणारा वेळ मात्र आरपीएमप्रमाणे आकसत नाही, म्हणून ईसीयूला (इंजिनच्या कंट्रोल संगणकाला) दर वेगाला आदेश आधी द्यावा लागतो.

कॉमन-रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या) सोलेनॉइड (विद्युतचुंबकाच्या) इंजेक्टरमध्ये आदेश आणि फवारा यांत सुमारे ०.३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. ईसीयू आधी कपॅसिटरमधून ५० ते ६५ व्होल्टचा झटका देतो, करंट २० अँपिअरच्या आसपास नेतो, मग १२ वर धरून ठेवतो. आर्मेचर सुमारे ५० मायक्रॉन उचलतं, बॉल सीटवरून सुटतो, नीडलच्या (फवारा उघडणाऱ्या सुईच्या) डोक्यावरच्या चेंबरमधला दाब बारीक छिद्रातून उतरतो आणि मग खालच्या दाबाने नीडल वर जाते. सोलेनॉइड नीडलला स्वतः उचलत नाही, हे नवशिक्याला आधी समजावून द्यावं लागतं.

मेन इंजेक्शन साधारण १ मिलिसेकंदाचं. पायलट (मेनच्या आधीच्या छोट्या) इंजेक्शनचा आदेश ०.२ ते ०.३ मिलिसेकंदांचा आणि डिझेल १-२ घनमिलिमीटर. म्हणजे फवारा सुरू होतो तेव्हा आदेश जवळपास संपलेला असतो. नीडल पूर्ण वर पोचतच नाही, अर्ध्या वाटेवरून परत येते. इथे ०.०३ मिलिसेकंदाची चूक झाली तर पायलटच्या ०.२५ मध्ये ती १२ टक्के होते आणि मेनच्या १.२ मध्ये अडीच टक्के. बेंचवर फुल-लोडला पास होणारा इंजेक्टर प्री-इंजेक्शन (पायलट) पॉइंटला नापास होतो तो यामुळे. गाडीत त्याची लक्षणं थंड इंजिनची खडखड आणि आयडलला हेलकावे. फक्त फुल-लोड पॉइंट बघून इंजेक्टर परत बसवणं म्हणजे अर्धीच तपासणी.

काय बिघडतं ते क्रमाने. डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक कण असले तर बॉलची सीट खरवडली जाते, रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) वाढतो, चेंबरमधला दाब परत चढायला उशीर होतो आणि नीडल उशिरा बसते. नीडल आणि गाइड यांतली फट २ ते ४ मायक्रॉन असते, तिथे व्हार्निश धरलं तर उघडणं आणि मिटणं दोन्ही मंद. सोलेनॉइडचा नट ठरलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळला तर एअर गॅप बदलतो आणि सुरुवातीचा डिलेच सरकतो. वॉशर जुनाच लावला तर इंजेक्टर तिरका बसतो. आणि इंजेक्टरवरचा कॅलिब्रेशन कोड ईसीयूत भरला नाही तर ही सगळी मेहनत फुकट, कारण त्या कोडमध्येच "हा नग आदर्शापेक्षा किती वेगळा" ही दुरुस्ती असते.

अजून एक, कमी बोलली जाणारी बाब. नीडल मिटली की पाइपमध्ये दाबाची लाट उठते. डिझेलमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४०० मीटर. २५ सेंटिमीटरचा पाइप धरला तर लाट रेलपर्यंत जाऊन परत यायला ०.३६ मिलिसेकंद. पायलटनंतर मेन किती वेळाने दिलं यावर मेनच्या वेळी लाटेचा उंचवटा आहे की खळगा हे ठरतं. आदेश तेवढाच, डिझेल वेगळं. वेगळ्या लांबीचा किंवा वेगळ्या आतल्या व्यासाचा हाय-प्रेशर पाइप "बसतोय ना" म्हणून बसवायचा नाही तो याकरता.

पीएलसी_अंबड

ऑटोमेशनमध्ये हाच घोळ "पीएलसी (यंत्र चालवणारा संगणक) उशीर करतो" या तक्रारीत येतो. साखळी मोजा. सेन्सरचा इनपुट फिल्टर, समजा ६ मिलिसेकंद. सिग्नल नुकत्याच संपलेल्या स्कॅनला (प्रोग्रॅमच्या एका फेरीला) चुकला तर जास्तीत जास्त दोन स्कॅन, ८ चे दोन म्हणजे १६. रिले आउटपुट मिटायला १०. एकूण ३२. कन्व्हेयर सेकंदाला १ मीटर चालत असेल तर लेबल लागेपर्यंत बाटली ३२ मिलिमीटर पुढे गेलेली असणार.

पण या ३२ मधला कायमचा भाग प्रोग्रॅममध्ये वजा करता येतो. स्कॅनचा भाग दर बाटलीला बदलतो, ८ मिलिमीटरपर्यंत, आणि तो कुठल्याही सेटिंगने वजा होत नाही. त्यासाठी इंटरप्ट इनपुट किंवा हाय-स्पीड काउंटर वापरायचा आणि रिलेऐवजी ट्रान्झिस्टर आउटपुट. फेरीला १००० पल्सचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) ३००० आरपीएमला ५० किलोहर्ट्झ देतो, पल्सपासून पल्स २० मायक्रोसेकंद. साध्या इनपुटला तो जोडला तर काउंट चुकीचाच येणार, त्यात पीएलसीचा दोष काही नाही.

उलट बाजूने, फिल्टर सरसकट शून्यावर आणू नका. पुशबटणाचे आणि लिमिट स्विचचे संपर्क मिटताना काही मिलिसेकंद उड्या मारतात. एका दाबाचे चार पल्स मोजले जातील.

द्राक्षबाग_निफाड

मला वेगळं विचारायचंय. बागेत ड्रिपचा कंट्रोलर आणि सोलर पंपाचा ड्राइव्ह आहे. वळवाच्या पावसाआधी वीज पडून आमच्या भागात असे कंट्रोलर जातात, एसपीडी (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) लावलेली असूनही. एसपीडी नॅनोसेकंदात काम करते म्हणतात, मग कंट्रोलर का जळतो? नीट समजावून सांगाल का कुणी?

लघुदाब

ताई, एसपीडीचा वेग पुरेसा असतो. मार खातो तो तिला जोडणाऱ्या वायरमध्ये. चाचणीची प्रमाणित लाट ८/२० मायक्रोसेकंदांची, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत करंट शिखरावर. १० किलोअँपिअर धरले तर दर मायक्रोसेकंदाला १.२५ किलोअँपिअर चढतात. एक मीटर सरळ वायरचं इंडक्टन्स सुमारे १ मायक्रोहेन्री. म्हणजे प्रत्येक मीटरवर १२५० व्होल्ट. एसपीडी स्वतः १५०० वर रोखत असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या वायर मिळून २ मीटर असतील, तर ड्राइव्हवर ४००० व्होल्ट येतात. असली उपकरणं साधारण २५०० सोसतात. वायर जाड करून फारसा फरक पडत नाही, लांबी कमी करावी लागते.

करायचं असं. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत. शक्य असेल तर सप्लायची वायर थेट एसपीडीच्या टर्मिनलवर आणा आणि तिथूनच ड्राइव्हला न्या, फांदी काढू नका. उरलेल्या वायरचं वेटोळं करून पेटीत कोंबू नका, वेटोळ्याने इंडक्टन्स वाढतं. ड्राइव्हचं अर्थिंग आणि एसपीडीचं अर्थिंग एकाच पट्टीवर. दोन वेगळ्या रॉडना जोडलं तर त्या काही मायक्रोसेकंदांत दोन रॉडमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो ड्राइव्हमधून जातो. व्हॉल्व्ह आणि सेन्सरच्या लांब केबल विसरू नका. पॉवर बाजू पक्की करूनही वीज सिग्नलच्या वायरने शिरते. तिथे दोन्ही टोकांना सिग्नलची वेगळी एसपीडी लागते. आणि खिडकी लाल झालेली एसपीडी बदला, ती आता फक्त शोभेची आहे.

द्राक्षबाग_निफाड

खूप आभार दादा. वेटोळं आणि दोन रॉड, दोन्ही गोष्टी इकडे सर्रास दिसतात. इलेक्ट्रिशियनला हे दाखवते.

रिले_टेस्टर

ग्रिडकडची बाजू थोडक्यात. एकलहऱ्यासारख्या केंद्रातून निघणाऱ्या लांब लाइनवर फॉल्ट झाला की त्याची लाट दोन्ही टोकांना वेगवेगळ्या क्षणी पोचते. दोन टोकांच्या वेळांतल्या फरकाला लाटेच्या वेगाने गुणायचं, लाइनच्या लांबीत मिळवायचं आणि अर्धं करायचं, की फॉल्टचं अंतर मिळतं. वेळेत १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे १५० मीटरची चूक, म्हणजे टॉवर शोधताना फार तर शेजारच्या टॉवरपर्यंतची. दोन्ही टोकांची घड्याळं उपग्रहावरून जुळवतात. त्यातला नेहमीचा दुर्लक्षित भाग अँटेनाची केबल: साध्या कोॲक्शियलमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद, ३० मीटरला १५०. एका टोकाला ही दुरुस्ती भरली आणि दुसऱ्याला नाही, तर चूक कायमची त्याच दिशेने राहते.

फेजर (व्होल्टेज-करंटचं माप आणि कोन) मोजणाऱ्या यंत्रांनाही हेच लागू. १ टक्क्याची एकूण चूक फक्त वेळेमुळे व्हायची असेल तर ५० हर्ट्झला सुमारे ३१ मायक्रोसेकंद पुरतात.

विज्ञानविद्यार्थी

याच्याही खाली फेम्टो आणि ॲटोसेकंद आहेत ना? त्याचा कारखान्यात उपयोग होतो का?

कालमापक

फेम्टोसेकंदाचा होतो. धातूतले इलेक्ट्रॉन तापल्यावर ती उष्णता अणूंच्या जाळीत उतरायला काही पिकोसेकंद लागतात. लेसरचा पल्स त्याहून छोटा असला तर भोवतालचा धातू तापायच्या आत तेवढा कण उडून जातो, टूलरूमदादांनी सांगितलेला थिजलेला थर जवळपास राहत नाही. बारीक छिद्रांच्या कामात म्हणूनच असे लेसर वापरतात. रेणूंमधले बंध तुटताना बघण्यासाठी फेम्टोसेकंद वापरल्याबद्दल अहमद झेवेल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲटोसेकंद पल्ससाठी २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेंट्स क्राउस आणि ॲन लुलिए यांना मिळालं. ते काम इलेक्ट्रॉनच्या हालचाली बघण्याचं, अजून प्रयोगशाळेतलंच.

पीएलसी_अंबड

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. हे सगळं बघायला ऑसिलोस्कोप कुठला घ्यावा? छोट्या टूलरूमला आणि पॅनलवाल्याला परवडेल असा.

सातपूर_टूलरूम

१०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा पुरतो. ०.३५ ला बँडविड्थने भागलं की त्याची स्वतःची राइज टाइम मिळते, ३.५ नॅनोसेकंद. स्पार्कच्या मायक्रोसेकंदाला ती भरपूर झाली. बघायच्या घटनेत निदान दहा नमुने तरी पडले पाहिजेत. नाहीतर पडद्यावरची रेघ सुंदर दिसते आणि खोटी असते. मेमरी डेप्थ बघून घ्या. ती कमी असली तर लांब रेकॉर्ड घेताना सॅम्पल रेट आपोआप उतरतो आणि डिले दिसेनासा होतो.

फटीवरचं व्होल्टेज बघायला साधा प्रोब लावू नका. त्याची क्लिप स्कोपच्या अर्थला जोडलेली असते आणि मशीनचा टेबलही अर्थ असतो. क्लिप इलेक्ट्रोडच्या बाजूला लागली तर जनरेटरचं आउटपुट सरळ शॉर्ट होतं. डिफरन्शियल प्रोब घ्या, त्याच्या वायर एकमेकींभोवती पिळून ठेवा आणि करंटसाठी क्लॅम्प वेगळा. दोन्ही चॅनल एकत्र लावले की व्होल्टेज चढल्यापासून करंट सुरू होईपर्यंतचा डिले पडद्यावर सरळ मोजता येतो. क्लॅम्पचा स्वतःचा उशीर काही दशक नॅनोसेकंदांचा असतो. तो त्याच्या माहितीपत्रकातून घेऊन स्कोपच्या डिस्क्यू (चॅनलमधला वेळेचा फरक जुळवणाऱ्या) सेटिंगमध्ये आधी भरून घ्या.